घरगुती वीजभाराचा अंदाज

घरातली उपकरणं एकदम चालली तर मेन स्विच, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि भिंतीतली वायर ते झेलतील का याचा हिशोब. वायरमन याला ‘लोड काढणं’ म्हणतात. वॅटला 230 ने भागलं की साधारण अँपिअर निघतात, तिथं वाद नाही, वाद आहे तो पूर्ण बेरीज धरायची की त्यातलं काही कापायचं यावर.

या कापण्याला ‘डायव्हर्सिटी’ म्हणतात, पण शब्द दोन अर्थांनी चालतो. पाठ्यपुस्तकातला डायव्हर्सिटी फॅक्टर म्हणजे वेगवेगळ्या कमाल मागण्यांची बेरीज भागिले सगळ्यांची मिळून कमाल मागणी, म्हणून तो 1 च्या खाली येत नाही. ब्रिटिश वायरिंगच्या रिवाजात मात्र जोडलेल्या लोडपैकी किती टक्के धरायचा तेच सांगतात, जे खरं तर डिमांड फॅक्टरच्या (कमाल मागणी भागिले जोडलेला लोड) जवळचं आहे. कल्पना मुळात कुणाची यावरही मतं वेगळी आहेत. इंग्लंडचे वीज अभियंते जॉन हॉपकिन्सन यांनी 1892 च्या सुमारास कमाल मागणीवर दर लावायचा विचार मांडला, ब्राइटनच्या आर्थर राइट यांनी ती मोजायचं मीटर केलं, ते शिकागोच्या वीज कंपनीचे प्रमुख सॅम्युअल इन्सुल यांनी बहुधा 1894 मध्ये पाहिलं. सगळ्या ग्राहकांची मागणी एका वेळी येत नाही हे ओळखून त्यावर धंदा उभा केला तो इन्सुल यांनी, असं मानणं जास्त पटतं.

म्हणजे हा हिशोब मुळात शहराचा आहे, एका घराचा नाही, आणि खान्देशात तो मे महिन्यात कोलमडतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास गेला की दुपारी दीड टनाचा एसी (1700 वॅट), मागच्या खोलीत कूलर (200), फ्रीज (150), तीन पंखे (225) हे सगळं सोबतच चालतं, त्यात नळाला पाणी आलं की अख्ख्या गल्लीच्या मोटारी एकदम चालू. 1 एचपीची मोटार साधारण 1000 वॅट ओढते, एकूण 3275 वॅट, म्हणजे 14 अँपिअरच्या वर, आणि सुरू होताना मोटारीचा करंट क्षणभर 5-6 पट उसळतो तो वेगळाच. त्यामुळे इकडे उन्हाळ्याचा लोड न कापता धरावा.

बेरीज बसली तरी वायर बघावीच लागते. तांब्याची 1.5 चौ. मिमी लाइट-पंख्याला, 2.5 ची 16 अँपिअरच्या सॉकेटला, एसीला सहसा 4 ची स्वतंत्र ओढतात. एसीची जाड पिन कन्व्हर्टर लावून 6 अँपिअरच्या सॉकेटात घातली की एमसीबी पडायच्या आधी भोकाभोवतीचं प्लॅस्टिक पिवळं, मग तपकिरी होतं, जवळ नाक नेलं तर जळका वास येतो. असं दिसलं तर ते सॉकेट त्याच दिवशी बंद करावं.

व्होल्टेज 180 वर उतरलं तर 2000 वॅटचा गिझर जेमतेम 1225 वॅट घेतो, मोटार मात्र उलट जास्त करंट ओढून तापते. जुन्या धाब्याच्या घरांत अजून लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची वायर सापडते, तिथं तांब्याचे आकडे लावू नयेत.