सिंगल मोड फायबर स्विचला जोडताना

"आमचा नेटवर्क स्विच सिंगल मोड फायबरवर चालेल का?" ग्राहक हे हमखास विचारतात. फायबर कोणती आहे याच्याशी स्विचला देणंघेणं नसतं. त्याला एसएफपी स्लॉट (फायबरचं मॉड्यूल बसवायची खाच) असला, की पुढचं सगळं त्या स्लॉटमध्ये बसवलेल्या मॉड्यूलवर, म्हणजे प्रकाश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या छोट्या उपकरणावर ठरतं. म्हणून मॉड्यूल नीट निवडा, आणि निवडताना दोन्ही टोकांचा एकत्र विचार करा.

तांब्याच्या ईथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापलीकडे, किंवा एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल, तर आम्ही सिंगल मोडच सुचवतो. तिचा प्रकाश वाहणारा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, मल्टिमोड या दुसऱ्या प्रकारच्या फायबरचा ५० किंवा ६२.५. काचेची बाहेरची जाडी मात्र दोन्हींची १२५ मायक्रॉन, त्यामुळे कनेक्टर एकमेकांत बिनतक्रार बसतात आणि घोटाळा तिथेच होतो. सिंगल मोडची पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी केबल) सहसा पिवळी असते, मल्टिमोडची नारिंगी किंवा निळसर हिरवी. नुसत्या रंगावर विसंबू नका. केबलवर ओएस२ (सिंगल मोड) छापलंय की ओएम३ (मल्टिमोड), ते वाचा. मध्येच एखादी मल्टिमोड कॉर्ड घुसली, तर तिच्या रुंद गाभ्यातून ९ मायक्रॉनमध्ये शिरताना बराचसा प्रकाश वाया जातो. लिंक लागतच नाही, किंवा लागते आणि अधूनमधून पडते. दुसरा प्रकार जास्त छळतो, कारण संशय आधी स्विचवर जातो.

१ गिगाबिटसाठी १०००बेस-एलएक्स आणि १० गिगाबिटसाठी १०जीबेस-एलआर, बहुतेकांचं काम या दोनांतच भागतं. दोन्ही १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर चालतात. एलआर १० किलोमीटरपर्यंत जातं. एलएक्सला मानकात ५ किलोमीटर दिले आहेत, पण बाजारातली बरीच एलएक्स मॉड्यूल १० किलोमीटरची असतात. एसएक्स आणि एसआर ही ८५० नॅनोमीटरची, मल्टिमोडसाठी बनवलेली मॉड्यूल आहेत; ती इथे वापरू नका. तरंगलांबी एकच आहे म्हणून एका टोकाला एलएक्स आणि दुसऱ्याला एलआर लावलं, तरी लिंक येणार नाही. तांब्याच्या पोर्टसारखं आपोआप वेग जुळवून घेणं इथे नसतं. एसएफपी प्लस (१० गिगाबिटचं) मॉड्यूल साध्या, १ गिगाबिटच्या एसएफपी स्लॉटमध्ये शिरतं, पण चालत नाही. उलट, साधं एसएफपी मॉड्यूल एसएफपी प्लस स्लॉटमध्ये बऱ्याच स्विचवर १ गिगाबिटने चालतं. मॅन्युअल पाहून खात्री करा.

जास्त पल्ल्याचं मॉड्यूल म्हणजे जास्त चांगलं, असं नाही. ८० किलोमीटरचं मॉड्यूल शेजारच्या इमारतीसाठी लावलं, तर समोरच्या रिसीव्हरवर झेपणार नाही इतका प्रकाश पडतो आणि तो कायमचा खराबही होऊ शकतो. अशा वेळी मध्ये अटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा तुकडा) लागतो. एलआरला ही भीती नाही, दोन मीटरच्या कॉर्डवरही ते चालतं.

केबलमधला एकच कोर (फायबरचा धागा) मोकळा असेल, तर त्या एकाच धाग्यातून दोन्ही दिशांना चालणारी बायडाय मॉड्यूल घ्या. ती जोडीनेच येतात: उदाहरणार्थ, १ गिगाबिटमध्ये एक १३१० वर पाठवतं आणि १४९० वर ऐकतं, दुसरं नेमकं उलट. एकाच प्रकारची दोन मागवलीत, तर दोन्ही टोकं एकाच तरंगलांबीवर पाठवत बसतील.

कनेक्टरमध्ये निळा म्हणजे यूपीसी (सरळ टोकाचा), हिरवा म्हणजे एपीसी (तिरप्या टोकाचा). हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं; तो निळ्याला जोडला तर फट राहते आणि प्रकाश वाया जातो. एसएफपीला निळा एलसी (छोट्या आकाराचा कनेक्टर) लागतो. पॅनेलवर हिरवा असेल, तर एका टोकाला हिरवा आणि दुसऱ्याला निळा अशी कॉर्ड मिळते.

आता हिशोब. एलआरच्या लिंकमध्ये प्रकाशाची ६.२ डीबीपर्यंत (डेसिबल) घट चालते. फायबर दर किलोमीटरला साधारण ०.४ डीबी खाते, प्रत्येक कनेक्टर जोड ०.५ च्या आसपास. दोन किलोमीटर आणि चार जोड धरले तरी २.८ होतात. म्हणजे अंतराने लिंक सहसा मरत नाही. मारते ती धूळ. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यावर न दिसणारा कणही पुरतो. नवी कॉर्ड टोपण काढून थेट खोचू नका, दर वेळी क्लीनरने पुसूनच लावा. आणि टोकात डोकावू नका: हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

लिंकचा दिवा लागला नाही, तर आधी एका टोकाच्या दोन्ही कॉर्डची अदलाबदल करून बघा. एकाचा टीएक्स (पाठवणारा) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्याला) जायला हवा. तरीही नाही, तर स्विचच्या डीडीएम पानावर, म्हणजे मॉड्यूलची मोजमापं दिसतात तिथे, आरएक्सचा आकडा पाहा. एलआरसाठी तो उणे १४.४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली असेल, तर पुरेसा प्रकाश पोचत नाहीये. आकडा ठीक असूनही पोर्ट बंद असेल, तर स्विच दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल नाकारत असू शकतो. म्हणूनच मागणी देताना दोन्ही टोकांच्या स्विचचे मॉडेल क्रमांक आम्ही मागतो.

फायबरमधून पीओई (नेटवर्क केबलमधूनच दिली जाणारी वीज) जात नाही, तेव्हा पलीकडच्या कॅमेऱ्यासाठी तिथेच वीज लागेल. काचेतून विजेचा झटका येत नाही, मात्र आर्मर्ड केबलच्या धातूच्या आवरणाला अर्थिंग हवंच. आणि खणायचंच असेल तर दोन कोरऐवजी बारा कोरची केबल टाका. खर्च खणण्याचा असतो, काचेचा नाही.