बांधकाम नियमात सवलत मागताना द्यायचं समर्थन

प्लॉटवर नियमाप्रमाणे बांधकाम बसतच नसेल तर मालकाला नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे मनपा, नगरपालिका किंवा त्या भागातल्या प्राधिकरणाकडे ठराविक नियमातून सूट मागता येते, आणि सूट का द्यावी हे पटवून देणारं जे लेखी कारण अर्जासोबत जातं ते म्हणजे समर्थन. अमेरिकेत झोनिंगसोबतच, म्हणजे कुठल्या भागात कसलं बांधकाम चालेल हे ठरवणाऱ्या नियमांसोबतच, ही सोय आली, न्यूयॉर्कच्या १९१६ च्या झोनिंग नियमांपासून त्यासाठी अपील बोर्ड आहे. आपल्याकडं पाया म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ आणि डिसेंबर २०२० पासूनची यूडीसीपीआर, म्हणजे एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, जालना सगळीकडं लोक इथं एक घोळ करायलेत, झोन बदल आणि सवलत एकच समजतात. ग्रीन झोनची म्हणजे शेतीची जमीन येलो म्हणजे रहिवासी करायची तर तो विकास आराखड्यातला फेरबदल, त्यासाठी १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ३७ खाली राजपत्रात नोटीस निघते, हरकती-सूचना मागवतात, शासनाची मंजुरी लागते. सवलत त्यापेक्षा लहान गोष्ट आहे, समास अंतर (बांधकाम आणि प्लॉटची हद्द यांच्यात सोडायची मोकळी जागा) किंवा एखादं माप थोडं कमी करून द्या एवढीच मागणी.

नियमावलीची अट अशी की अडचण स्पष्ट दाखवता आली पाहिजे, आणि सगळं समर्थन इथंच उभं राहतं किंवा पडतं. अडचण जमिनीची पाहिजे, मालकाच्या खिशाची नाही. समजा जुन्या गावठाणाजवळचा प्लॉट आहे, एका बाजूनं डीपी रोडची, म्हणजे विकास आराखड्यातल्या रस्त्याची, रेषा तिरकी गेली अन् मागं त्रिकोणी तुकडा उरला, आता तिन्ही बाजूनं समास सोडला तर मधी जेमतेम एक खोली बसते. हे शब्दात सांगू नका, मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे सरकारी मोजणीच्या नकाशावर, समासाच्या रेषा आखून उरलेली जागा रंगवून दाखवा, नगररचनाच्या साहेबांना एका नजरेत कळतं. याउलट 'फ्लॅट कमी निघतात, प्रोजेक्ट परवडत नाही' हे कारण माझ्या मते लिहूच नये. आधी मालकानंच प्लॉटचे तुकडे पाडून विकले अन् मग उरलेला अरुंद आहे म्हणून सूट मागितली तर तेही पटत नाही, कारण अडचण त्यानंच तयार केलेली असते.

दुसरी बाजू शेजाऱ्यांची. सवलतीमुळं इमारतीतल्या अन् आजूबाजूच्या लोकांचं आरोग्य, आगीपासूनची आणि बांधकामाची सुरक्षितता बिघडता कामा नये, म्हणून शेजारच्या घराचा उजेड-वारा किती अडतो ते नकाशात दाखवावं आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला लावावा. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप बघितलेल्या भागात हा कागद उपचार म्हणून जोडणं चुकीचंच. एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधकाम करता येतं ते), पार्किंग आणि रस्त्याकडचं समास अंतर यात, नियमात वेगळी तरतूद असल्याशिवाय, सूट मिळत नाही, तिथं वेळ घालवू नये. बीबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत तर मनपाची सवलत कामालाच येत नाही, तिथं केंद्राचा पुरातत्त्व कायदा लागतो.

मागणी मंजूर झाली तरी प्रीमियम, म्हणजे सवलतीसाठीचं शुल्क, भरावा लागू शकतो, आणि बांधकामाचा आकार, मुदत, अनामत रक्कम, नुकसानभरपाईचा हक्क सोडणं अशा अटी टाकता येतात. अट मोडली तर अनामत जप्त होऊ शकते.