पार्श्वभूमी : राजघराण्यात ठरलेले लग्न आणि वधूचा होकार

युरोपातील राजघराण्यांत आणि बड्या सरदारघराण्यांत मुलीचे लग्न बाप, काका किंवा राजा ठरवी, हे सर्वांना ठाऊक असते. मुलीच्या होकारावाचून ते लग्न धर्मकायद्यापुढे टिकत नसे, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते. ग्रेशियन या धर्मपंडिताने चर्चच्या नियमांचे संकलन केले ते सुमारे ११४० साली. पुढे पोप तिसरा अलेक्झांडर याच्या कारकिर्दीत (११५९ ते ११८१) नियम पक्का झाला की, लग्न लागते ते वधूवरांच्या संमतीने. बापाने दिलेला शब्द, ठरलेला हुंडा, दोन राजांतला तह, यांपैकी कशानेही ती संमती भरून निघत नसे. पण हा हक्क नोंदवायचा कुणापुढे, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे ज्या मुलीला कुणी सांगितले नाही तिच्यासाठी तो असून नसल्यासारखा होता.

आधी वयाचा हिशेब. सात वर्षे पुरी होण्याआधी केलेला वाङ्निश्चय कायद्याच्या लेखी झालाच नाही असे धरत. सातव्या वर्षानंतर तो बंधनकारक, पण मोडता येण्याजोगा. मुलगी १२ वर्षांची आणि मुलगा १४ वर्षांचा झाला की स्वतःची संमती देण्याचा किंवा आधीचा वाङ्निश्चय नाकारण्याचा अधिकार मिळे. हा नकार वेळेत आणि साक्षीदारांसमोर द्यावा लागे. वय उलटल्यावरही मुलगी गप्प राहिली, नियोजित वराकडच्या भेटी घेत राहिली किंवा त्याच्याबरोबर राहू लागली, की तिची मूक संमती गृहीत धरली जाई. इथेच बहुतेक मुली अडकत. कारण गप्प राहणे हीच चांगली वागणूक, असे त्यांना लहानपणापासून शिकवलेले असे.

वयाइतकेच महत्त्व क्रियापदाला होते. ‘मी तुला पती म्हणून स्वीकारीन’ असे म्हटले तर तो नुसता वाङ्निश्चय. ‘स्वीकारते’ असे म्हटले की लग्न लागले, मग पाद्री हजर असो वा नसो. पहिल्या प्रकारानंतर सहवास झाला तरी तेही लग्नच ठरे. क्लीव्ह या जर्मन संस्थानातल्या अ‍ॅनचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. १५२७ साली तिचे लग्न लॉरेनच्या ड्यूकच्या मुलाशी ठरले होते. ६ जानेवारी १५४० रोजी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीशी तिचा विवाह झाला, त्या वेळी तो जुना वाङ्निश्चय भविष्यकाळातला होता की वर्तमानकाळातला, हे दाखवणारा समाधानकारक कागद क्लीव्हच्या राजदूतांना पुढे करता आला नाही. हेन्रीला लग्न मोडायचेच होते, आणि ही फट त्याच्या कामी आली. ९ जुलैला विवाह रद्दबातल ठरला.

नातेसंबंधांची अडचण तर जवळपास प्रत्येक राजविवाहात येई. चर्चच्या १२१५ च्या लॅटरन परिषदेने निषिद्ध नाते सातव्या पिढीवरून चौथ्या पिढीवर आणले. म्हणजे खापरपणजोबा एक असले तरी लग्नाला मनाई. राजघराणी आपापसातच सोयरिकी करीत, त्यामुळे पोपची सूट मिळवणे हा लग्नाच्या तयारीचा ठरलेला भाग झाला. ती सूट कोणत्या नात्यासाठी आहे, हे अर्जात आणि आज्ञापत्रात नेमके लिहावे लागे. एखादे नाते राहून गेले किंवा चुकीचे लिहिले गेले, तर वीस वर्षांनीसुद्धा त्यावर बोट ठेवता येई.

अ‍ॅरागॉनच्या कॅथरीनच्या बाबतीत यातले जवळजवळ सगळे घडले. तिचे लग्न इंग्लंडचा युवराज आर्थर याच्याशी ठरवणारा स्पेन आणि इंग्लंड यांच्यातला मेदिना देल काम्पोचा तह २७ मार्च १४८९ चा. तेव्हा ती तीन वर्षांची होती. हुंडा ठरला २,००,००० क्राउन, दर क्राउनला ४ शिलिंग २ पेन्स. १९ मे १४९९ रोजी बेवडलीजवळ प्रतिनिधीद्वारे विवाह झाला. वधूच्या जागी उभा होता स्पेनचा राजदूत रॉड्रिगो दे पुएब्ला. अशा सासरी जाण्याची तयारी म्हणजे काय, हे याच पुएब्लाने १४९८ मध्ये स्पेनला पाठवलेल्या पत्रातून दिसते. भावी सासू एलिझाबेथ आणि आजेसासू मार्गारेट ब्यूफर्ट यांचा निरोप असा होता : आम्हाला लॅटिन कळत नाही आणि स्पॅनिश त्याहून नाही, तेव्हा मुलीने फ्रेंच बोलण्याचा सराव ठेवावा. शिवाय इंग्लंडचे पाणी पिण्याजोगे नसते, म्हणून तिने वाइनची सवय करून घ्यावी. फ्रेंच बोलायला घरातच एक जाणकार होती, तिची विधवा वहिनी ऑस्ट्रियाची मार्गारेट. ही मार्गारेट तिसऱ्या वर्षी फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सची वाग्दत्त वधू म्हणून आंब्वाझला आली, तिथेच वाढली, आणि चार्ल्सने ब्रिटनीच्या अ‍ॅनशी लग्न केल्यावर १४९३ साली परत पाठवली गेली. ठरलेले लग्न फिसकटते तेव्हा काय होते, हे तिच्याइतके कोण सांगू शकले असते?

कॅथरीनचे आर्थरशी लग्न १४ नोव्हेंबर १५०१ रोजी लागले आणि २ एप्रिल १५०२ ला आर्थर वारला. हुंड्याचे एक लाख भरले गेले होते, एक लाख बाकी होते. २३ जून १५०३ च्या नव्या तहात तिचे लग्न धाकटा दीर हेन्री (पुढचा आठवा हेन्री) याच्याशी ठरले. उरलेल्या लाखाची फोड अशी : ६५,००० नाणी, १५,००० ची सोन्याचांदीची भांडी आणि २०,००० चे जडजवाहीर. भांडी आणि दागिने तिच्याच ताब्यात होते. सासरा खर्चाला पैसे देईना, बाप हप्ता पाठवीना. लंडनमधल्या डरहॅम हाउसमध्ये नोकरचाकरांचे पोट भरायला तिला त्यातलेच विकावे लागे. विकलेला प्रत्येक जिन्नस तिच्याच हुंड्यातून कमी होत होता. तिची हट्टी म्हणून जी ओळख झाली, तिच्यामागे हा हिशेब आहे.

त्यात आई इसाबेला १५०४ च्या नोव्हेंबरात गेली. कॅस्टिलचे राज्य बापाकडे राहिले नाही, तशी या सोयरिकीची किंमत उतरली. २७ जून १५०५ रोजी, चौदावे वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी, हेन्रीने रिचमंडच्या राजवाड्यात खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत विंचेस्टरचे बिशप रिचर्ड फॉक्स यांच्यासमोर लेखी नकार वाचला. तो गुप्त ठेवण्यात आला. वर दिलेला वेळेचा नियम इथे अगदी तंतोतंत पाळलेला दिसतो, फक्त त्याचा फायदा वराकडच्यांनी घेतला. कॅथरीन मात्र चिकाटीने थांबली. १५०७ मध्ये वडिलांनी तिला वकिलातीची अधिकारपत्रे दिली आणि ती स्वतःच्या लग्नाच्या वाटाघाटी स्वतः करू लागली. ११ जून १५०९ ला लग्न झाले. पहिला विवाह ‘कदाचित’ शरीरसंबंधाने पूर्ण झाला असेल, असे पोप ज्युलियसच्या सूटपत्रात लिहिले होते. १५२७ नंतर राजाने हेच लग्न मोडायला काढले, तेव्हा त्या पत्राच्या शब्दाशब्दाचा कीस काढला गेला.

मन वळवून घेण्याची दुसरी रीत आन्हाल्ट-त्सेर्ब्स्टच्या सोफीची, म्हणजे पुढे रशियाची सम्राज्ञी झालेल्या कॅथरीनची. लहानशा जर्मन संस्थानातली ही मुलगी १७४४ च्या फेब्रुवारीत, चौदाव्या वर्षी, रशियात आली. रात्री उठून रशियन शिकताना ती आजारी पडली. आईने लुथरपंथी पाद्री बोलावू म्हटले, तर तिने ऑर्थोडॉक्स धर्मगुरू सिमोन तोदोर्स्की यांना बोलवायला सांगितले. त्याच जूनमध्ये तिने धर्म बदलला, एकतेरिना हे नाव घेतले, आणि दुसऱ्या दिवशी वाङ्निश्चय झाला. नियोजित वर पीटर याच्यापेक्षा तिने नव्या देशाशी आधी जुळवून घेतले. ती फार लवकर ओळखून होती की तिचे भवितव्य पीटरच्या हाती नव्हते, ते सम्राज्ञी एलिझाबेथच्या मर्जीवर होते.

होकार नाकारण्याचे कसब मात्र पाहावे ते फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या नवार राज्याच्या जान दाल्ब्रेमध्ये. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस हा तिचा मामा. त्याला जर्मन मित्र हवा होता, म्हणून त्याने तिचे लग्न क्लीव्हच्या विल्हेल्मशी, म्हणजे वर आलेल्या अ‍ॅनच्या भावाशी, ठरवले. जान बारा वर्षांची होती. तिने आधी तोंडी नकार दिला, तेव्हा आईच्या हुकमावरून तिला फटके बसले. मग तिने कागदावर लिहून ठेवले की हे लग्न माझ्या इच्छेविरुद्ध, मारहाणीच्या धाकाने होत आहे, आणि पुढे मी काहीही बोलले किंवा केले तरी ती माझी संमती समजू नये. घरकारभारातल्या माणसांच्या त्यावर साक्षी घेतल्या. एकदा लिहून ती थांबली नाही, लग्नाच्या सुमारास पुन्हा लिहिले. १४ जून १५४१ रोजी शातेलरो येथे वेदीपर्यंत ती चालेना, तेव्हा राजाने सरसेनापती मोंमोरांसीला तिला उचलून न्यायला लावले. रात्री सर्वांसमक्ष वराने तिच्या शय्येवर फक्त एक पाऊल टेकवले आणि तो निघून गेला. वय लहान म्हणून तिला क्लीव्हला पाठवले नाही.

कागद तसाच पडून राहिला. सप्टेंबर १५४३ मध्ये विल्हेल्म सम्राट पाचव्या चार्ल्सला शरण गेला आणि फ्रान्सला हे लग्न नकोसे झाले. आता जानचे निषेधपत्र सर्वांनाच हवे होते. १५४५ च्या ईस्टरला तूरच्या कथीड्रलमध्ये तिने ते पुन्हा जाहीर केले. सक्ती झाली आणि शरीरसंबंध झाला नाही, या दोन कारणांवर पोप तिसरा पॉल याने त्याच वर्षी विवाह रद्द केला. राजकारण फिरले नसते तर त्या कागदाला कुणी विचारले नसते, हे खरे. पण राजकारण फिरले त्या दिवशी कागद तयार होता. बारा वर्षांच्या मुलीने, चहूबाजूंनी कोंडी झालेली असताना, मागे ठेवता येईल तेवढा पुरावा मागे ठेवला. ही बुद्धी थोर वाटते.

१५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने चर्चचा पाद्री आणि निदान दोन साक्षीदार यांच्यावाचून विवाह होणार नाही असे ठरवले. त्याच सत्रात, सरदार-अधिकाऱ्यांनी आपल्या प्रजेवर लग्नाची सक्ती केल्यास बहिष्काराची शिक्षाही सांगितली. क्रियापदाचे वाद त्यामुळे पुष्कळ कमी झाले, सक्तीचे झाले नाहीत.

एप्रिल १५७२ मध्ये ब्ल्वाला जानने आपला मुलगा हेन्री आणि फ्रान्सच्या राजाची बहीण व्हाल्वाची मार्गारेट यांच्या लग्नाचा करार पक्का केला. या वेळी ती मुलाची आई म्हणून बसली होती, आणि ज्या मुलीचा सौदा चालला होता ती दुसऱ्या बाजूची होती. जान जूनमध्ये वारली. १८ ऑगस्टला पॅरिसमध्ये लग्न झाले तेव्हा रोमची सूट हाती आलेली नव्हती. डिसेंबर १५९९ मध्ये पोप आठवा क्लेमेंट याने तो विवाह रद्द ठरवला. कारणांत नाते होते, आणि मार्गारेटवर आई व भावाने केलेली सक्तीही होती. राणी हा किताब तिच्याकडेच राहिला. मूल होण्याची आशा संपलेल्या मार्गारेटच्या होकाराची आठवण सत्तावीस वर्षांनी निघाली, कारण हेन्रीला आता वारस देणारी दुसरी बायको करायची होती.