कायतेन-झुशी

कायतेन-झुशी म्हणजे फिरत्या पट्ट्यावरून, किंवा आता बहुतेक ठिकाणी टेबलापर्यंत थेट धावणाऱ्या मार्गिकेवरून, सुशी (व्हिनेगर लावलेल्या भाताच्या मुटक्यावर बहुधा कच्चा मासा) वाढणारे जपानी उपाहारगृह. शहराबाहेरच्या हमरस्त्यालगत, समोर ऐसपैस वाहनतळ आणि आत कुटुंबाने बसायची टेबले, हे त्याचे आजचे नेहमीचे रूप.

योशिआकी शिराइशी यांनी 1958 मध्ये फुसे (आजचे हिगाशी-ओसाका) येथे ‘गेनरोकु झुशी’ हे पहिले दुकान काढले. बिअरच्या कारखान्यात बाटल्या वाहून नेणारा पट्टा पाहून त्यांना ही कल्पना सुचली. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे 8 सेंटिमीटर ठरला. त्याहून जोरात फिरला तर मासा सुकतो आणि बशी उचलताना गिऱ्हाइकाची तारांबळ उडते. हळू फिरला तर वाट पाहून जीव मेटाकुटीला येतो. 1970 च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनाने हा प्रकार देशभर पोहोचवला. 1981 मध्ये ‘सुझुमो’ कंपनीचे भाताचे मुटके वळणारे यंत्र आले आणि निष्णात कारागिराविना दुकान चालवणे शक्य झाले. बशीचे दर त्यामुळेच आटोक्यात राहिले. ‘सुशिरो’ या उपाहारगृहांच्या साखळीने सर्वांत स्वस्त बशी करासह 110 येनवरून 120 येनवर नेली ती थेट ऑक्टोबर 2022 मध्ये, आणि तोही उपनगरी शाखांमधला दर.

दारातल्या यंत्रातून क्रमांक घ्यायचा, तो पुकारला की टेबल मिळते. टेबलावरच्या डबीत हिरव्या चहाची पूड असते. कपात छोटा चमचाभर पूड घालून कप टेबलाच्या कडेच्या नळाखालच्या कळीवर दाबला की पाणी येते. हे पाणी कढत असते. नवखा माणूस हा नळ हात धुण्याचा समजतो आणि बोटे भाजून घेतो. हातांसाठी ओला रुमाल वेगळा मिळतो.

मागणी पडद्यावरून नोंदवतात. एका वेळी तीन-चार बश्याच मागवाव्यात, हे फार महत्त्वाचे. सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच चांगला लागतो. दहा बश्या एकदम मांडून ठेवल्या की शेवटच्या बशीतला भात घट्ट होतो आणि माशाच्या कडा कोरड्या पडतात. एका बशीत बहुधा दोन नग असतात. कित्येक साखळ्या वासाबी (झणझणीत हिरवा लगदा) आत घालत नाहीत; त्याच्या पुड्या वेगळ्या घ्याव्या लागतात.

सोया सॉस माशाला लावायचा, भाताला नव्हे. भाताचा मुटका जेमतेम 15 ते 20 ग्रॅमचा आणि मुद्दाम सैल दाबलेला असतो. सॉसमध्ये बुडवला की तो फुटतो आणि खारटही होतो. नग आडवा करून माशाची कड टेकवावी. समुद्रशेवाळाच्या पट्टीत गुंडाळून वर मासळीची अंडी भरलेला नग आडवा करता येत नाही. तिथे आल्याच्या लोणच्याची एक चकती सॉसमध्ये बुडवून वरून फिरवावी. हाताने खाल्ले तरी चालते.

उचललेली बशी पट्ट्यावर परत ठेवायची नाही. दुसऱ्याच्या मागणीची बशी खूण केलेल्या बैठकीवर ठेवलेली जाते, तिला हात लावू नये. पट्ट्यालगत बसणाऱ्याने बाकीच्यांच्या बश्या उतरवून द्यायच्या असतात, म्हणून तिथे लहान मुलाला एकटे बसवू नये. हिशेब बश्यांच्या संख्येवर किंवा रंगांवर होतो. ‘कुरा’ साखळीत रिकाम्या बश्या टेबलाच्या फटीत सोडतात आणि दर 5 बश्यांमागे पडद्यावर बक्षिसाचा एक खेळ होतो.

कच्च्या माशातला अनिसाकिस हा कृमी व्हिनेगर किंवा वासाबीने मरत नाही. मासा उणे 20 अंश सेल्सिअसला किमान 24 तास गोठवला तर मरतो. त्यामुळे आधी गोठवलेला मासा म्हणजे हलका माल, हा समज चुकीचा आहे.

2023 च्या सुरुवातीला सॉसच्या बाटल्या चाटल्याच्या चित्रफिती पसरल्या आणि अनेक साखळ्यांनी उघड्या बश्या फिरवणे बंद केले. ‘कुरा’च्या पट्ट्यावर मात्र झाकणाखालच्या बश्या फिरत राहिल्या.