पार्श्वभूमी : गॉथ लोकांची भाषा कशी संपली

जर्मन, इंग्रजी, डच या पश्चिमेकडच्या; स्वीडिश, डॅनिश, आइसलँडिक या उत्तरेकडच्या. जर्मानिक भाषांच्या आज एवढ्या दोनच शाखा उरल्या आहेत. तिसरी, पूर्वेकडची, नामशेष झाली. पण या कुळातला सगळ्यात जुना मोठा मजकूर नेमका त्याच शाखेचा: गॉथिक बायबल.

चौथ्या शतकात गॉथ डॅन्यूब नदीच्या उत्तरेला राहत. त्यांनी कॅपाडोशियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, धरून आणलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या वंशात वुल्फिला जन्मला. 341च्या सुमारास तो बिशप झाला. पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला तेव्हा अनुयायांना घेऊन तो रोमन हद्दीत आला. ग्रीक अक्षरांचा आधार घेऊन त्याने लिपी बसवली आणि बायबल गॉथिकमध्ये आणलं. त्यातले राजांच्या लढायांचे ग्रंथ मात्र त्याने वगळले, कारण गॉथांना लढायची खुमखुमी आधीच फार होती, असं फिलोस्टॉर्जियस हा जुना इतिहासकार सांगतो. खरंखोटं तोच जाणे.

376मध्ये हूणांच्या रेट्याने गॉथ मोठ्या संख्येने डॅन्यूब ओलांडून आले. दोनच वर्षांत एड्रियानोपलच्या लढाईत रोमन सम्राट मारला गेला, 410मध्ये खुद्द रोम लुटलं गेलं. नंतर इटलीत आणि स्पेनमध्ये गॉथांची राज्यं उभी राहिली. एवढं सगळं हाती येऊनही भाषा टिकली नाही. माझ्या मते याचं कारण पराभवापेक्षा गॉथिकच्या वापरात आहे. राज्यकर्ते गॉथ, पण कायदे लॅटिनमध्ये. लेखी गॉथिक होती ती मुख्यतः त्यांच्या एरियन पंथाच्या, म्हणजे येशूला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, चर्चपुरती. रोमच्या चर्चला हा पंथ पाखंडी वाटे. इटलीतलं राज्य सहाव्या शतकाच्या मध्यात पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने बुडवलं. स्पेनच्या रेकारेड राजाने 589मध्ये टोलेडोच्या धर्मसभेत एरियन पंथ जाहीरपणे सोडला. मग गॉथिक पोथ्यांना वाली उरला नाही.

त्यातली सर्वांत देखणी पोथी, कोडेक्स अर्जेंटियस, बहुधा इटलीतल्या रॅव्हेनात, तिथल्या थिओडोरिक या गॉथ राजासाठी लिहिली गेली. जांभळ्या रंगात बुडवलेलं चर्मपत्र, त्यावर चांदीची शाई, मोक्याच्या ओळींना सोनं. सोळाव्या शतकात ती जर्मनीतल्या व्हेर्डन मठात सापडली, तिथून प्रागला गेली. 1648मध्ये स्वीडिश फौजेने ती लुटून नेली आणि आज ती उप्साला विद्यापीठात आहे. 336 पानांपैकी 188 उरली आहेत. त्यातलं एक 1970मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या कॅथेड्रलमध्ये मिळालं.

क्रिमियात मात्र गॉथांची एक बोली पुढे हजारभर वर्षं तग धरून होती. सोळाव्या शतकात इस्तंबूलमधला हॅब्सबर्ग राजघराण्याचा राजदूत बुसबेक याने तिचे काही डझन शब्द टिपून घेतले. त्याच्याकडे क्रिमियाकडचे दोघे आले होते. फ्लेमिश दिसणारा उंच गृहस्थ मूळचा तिथला, पण ग्रीकांच्या शेजारात स्वतःची बोली विसरलेला. बोलीची जाण होती ती दुसऱ्याला, आणि तो जन्माने ग्रीक होता.