मुंबईची हद्द: माहीमच्या खाडीपासून दहिसर नाक्यापर्यंत

बोरिवली-मालाडच्या जुन्या घरांतली माणसे फोर्टात जायला निघाली की आजही ‘मुंबईला जाऊन येतो’ म्हणतात. महापालिकेचा कर भरणाऱ्या माणसालाही मुंबई वेगळे गाव वाटावे, याचे मूळ माहीम आणि शीवच्या खाडीत आहे. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगीजांनी इंग्रजांना मुंबईचे बेट दिले. खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे आजची उपनगरे ज्यावर आहेत ते बेट, मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली, १७३७ मध्ये ती मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे खाडीच्या दोन काठांवर दोन वेगळे अंमल होते.

१८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, तरी साष्टीचा कारभार ठाणे जिल्ह्यातूनच चाले. १९२० मध्ये तिच्या दक्षिण भागाचा मुंबई उपनगर जिल्हा झाला. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जवळच्या उपनगरांपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. पुढे १९९० मध्ये शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे पुन्हा वेगळे झाले आणि त्यांची वाटणी पुन्हा त्याच माहीम-शीवच्या रेषेवर झाली. उपनगरातली रिक्षाही वांद्र्याला आणि शीवलाच थांबते, पुढे टॅक्सी धरावी लागते.

उत्तरेकडची रेषा मला अधिक बोचते, कारण तिथे खाडी नाही. दहिसर आणि मीरा रोड एकाच साष्टी बेटावर, एकाच लोकलच्या मार्गावर, लागोपाठची स्थानके आहेत. पण नाका ओलांडला की जिल्हा ठाणे, महापालिका मीरा-भाईंदरची आणि पिनकोड ४०१ ने सुरू होणारा. रोज चर्चगेटला कामाला जाणाऱ्या तिथल्या माणसाला ‘तुम्ही मुंबईचे नाही’ असे ऐकवणारा दहिसरकर विसरतो, की १९५७ पूर्वी त्याचे गावही मुंबई महापालिकेबाहेरच होते.

ते गाव कागदावर अजून शाबूत आहे. दहिसरच्या उंच इमारतीतल्या सदनिकेचे खरेदीखत उघडले, तर मालमत्तेच्या वर्णनात ‘मौजे दहिसर, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर’ असेच लिहिलेले सापडते.