दळी जमीन

दळी म्हणजे रायगड (1981 पर्यंतचा कुलाबा) जिल्ह्यातल्या जंगलाच्या उतारावरचे शेतीचे तुकडे, जे कातकरी आणि ठाकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत आलीत पण मालकी मात्र वनखात्याचीच राहिली. पेण, रोहा, सुधागड भागात हे जास्त दिसतं. पिकं नेहमीची वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीतली, म्हणजे नाचणी, वरी वगैरे.

दळी नेमकी कधी सुरू झाली यावर मतं वेगळी आहेत. साधारण 19व्या शतकाचा उत्तरार्ध धरतात. एक मत असं की वनखात्याला कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग) तोडायला, वणवा विझवायला हाताशी माणसं हवी होती म्हणून खात्यानेच हे तुकडे दिले. दुसरं मत, जे जास्त पटतं, ते असं की डोंगरावर राब (फांद्या, पालापाचोळा) जाळून फिरती शेती आधीपासूनच होती, 1878 च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव व्हायला लागलं तेव्हा सरकारने तीच शेती ठराविक तुकड्यांत कोंडली आणि वर उपकार केल्यासारखी नोंद केली. पीक बदलत जायचं, मग जमीन काही वर्षं पडीक टाकायची, ही रीत कुठल्या ऑफिसात बसून ठरलेली वाटत नाही. राबावरून तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी तक्रार झाली की सरकारला 1885 मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला.

नोंद बऱ्याच ठिकाणी वाडीच्या एकट्या नाईकाच्या (म्होरक्याच्या) नावावर व्हायची, बाकीची घरं त्याच्यामागे, त्यामुळे नातवंडांच्या हातात कागदच नाही. 1980 च्या वन संवर्धन कायद्याने केंद्राची परवानगी लागायला लागली आणि जमीन नावावर करणं आणखी अवघड झालं.

2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(g) खाली सरकारने वनजमिनीवर दिलेले पट्टे किंवा भाडेपट्टे मालकीहक्कात बदलून मिळतात, दळीला हे थेट लागू पडतं. पुरावा म्हणून बांध, विहीर, दफनभूमी चालते आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा चालतो. खरी मेख इथेच आहे. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, ग्रामसभा मिश्र असते, निम्म्या सभासदांचा कोरम लागतो, म्हणजे शेजारच्या कुणबी-आगरी गावकऱ्यांशी नीट संबंध नसतील तर वाडीचा दावा ठरावापर्यंत पोचणंच कठीण, आणि ज्या म्हाताऱ्याने त्या उतारावर कातकऱ्याच्या आज्याला नांगर धरताना पाहिलंय तो जबाब द्यायला आला तर दाव्याला केवढं बळ मिळतं. सर्वहारा जन आंदोलन या संघटनेने दळीधारकांना एकत्र आणून हा प्रश्न लावून धरला. आदिवासी आणि इतर गावकऱ्यांच्या सोबतीला जिल्ह्यात जुना आधार आहे, 25 सप्टेंबर 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहाच्या हुतात्म्यांत इतर गावकऱ्यांबरोबर नाग्या महादू कातकरी यांचंही नाव आहे.

मंजूर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो, वारसाने जातो, विकता येत नाही. 4 हेक्टरची मर्यादा मात्र कलम 3(1)(a) खालच्या दाव्यांना आहे.

सिंधुदुर्गात आंबोली, चौकुळ, गेळेचा कबुलायतदार गावकर (गावाच्या सामाईक जमिनीच्या मालकीचा) प्रश्न कधीकधी दळीसोबत जोडतात, पण त्याचं मूळ सावंतवाडी संस्थानात आहे, तो वेगळा.